हुंकाराची जागा

कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध आणि नव्याकोऱ्या यंत्राचा गंध एकमेकांत मिसळले, की काय तयार होतं ठाऊक आहे? आशा तयार होते! मे महिन्यातली भर दुपार, बाहेर लखनऊच्या इंदिरा नगरातल्या गल्ल्यांतून लू फुफाटत चाललेली, खिडक्यांवर ओल्या चादरी टांगलेल्या, आणि आत जेवणाच्या टेबलावर, थर्मोकोलच्या शुभ्र कुशीतून मी खिशात मावेल एवढा काळाभोर टेपरेकॉर्डर एखाद्या नवजात अर्भकासारखा उचलून घेतलेला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बँकेतल्या हुद्द्याला मुळीच न शोभणाऱ्या उत्कंठेनं, मी त्याचं लाल बटण दाबलं, त्याच्या इवल्याशा जाळीपाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "हॅलो." बस्स! पुढे काही सुचेना.

हे यंत्र मी हौसेनं घेतलं असं तुम्हाला वाटेल, आणि थोडं खरंही आहे ते. पण खरं कारण सांगलीला होतं. तिथे आई माझ्या धाकट्या बहिणीकडे, विजूकडे असते. आईच्या डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता आणि शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर तीन आठवडे दोन्ही डोळ्यांना पट्टी, आणि मान न हलवता नुसतं पडून राहायचं. हललात तर डोळा गेला म्हणून समजा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आता माझ्या आईला तीन आठवडे निजवून ठेवायचं म्हणजे चिमणीची घडी घालून ती कपाटात ठेवण्यासारखंच! फोनवर तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "पेपर नाही, टीव्ही नाही. मी काय छताशी गप्पा मारू? तू जगाला गोष्टी सांगत हिंडतोस ना, मग मलाही चार पाठव. पण कागदावर नको. विजू वाचायला लागली की वाटतं, लाइटचं बिल वाचतेय." मागून विजूचं "आई!" ऐकू आलं. मग आई जरा हळू बोलली, "बघ बाबा. गोष्ट असली तर मी पडून राहीन. नाही तर माझा मला भरवसा नाही."

तर असा तो सारा मामला होता. आईचा डोळा माझ्या जिभेवर येऊन ठेपला होता.

आणि जीभ तर माझी प्रसिद्ध! लखनऊतल्या मराठी कुटुंबांत बारसं असो की निवृत्तीचं जेवण, ताटं उचलली की कुणीतरी म्हणायचंच, "हां, आता दामूकाका होऊन जाऊ दे." आमचे दामूकाका मुलगी पाहायला म्हणून निघाले आणि चुकून शेजारच्याच घरात शिरले, तिथे पोहे खाल्ले, समोर आलेल्या मुलीला स्वयंपाक, शिवणकाम, गाणं सगळं विचारून झालं, आणि "मुलगी पसंत आहे" असं सांगून उठताना कळलं, की ती त्या घरची नवी सून आहे! ही कथा मी किती वेळा सांगितली असेल? आमची सोळा वर्षांची मुक्ता मी "एकदा दामूकाका" म्हणालो की डोळे मिटून पुढची सगळी वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणून दाखवते.

पण त्या लाल बटणासमोर दामूकाकांचा दगड झाला. मी घसा खाकरून सुरुवात केली, "तीर्थस्वरूप मातोश्रींच्या चरणी साष्टांग नमस्कार. प्रस्तुत प्रसंग आपल्या कुटुंबातील एका ज्येष्ठ व्यक्तीच्या..." स्वयंपाकघरातून सुनीताचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, आवाज आला, "अहो, आईंना गोष्ट सांगताय की त्यांच्या सत्काराचं भाषण करताय?" मुक्ता तर सोफ्यावर आडवीच झाली. "बाबा, आप समाचार पढ़ रहे हैं क्या? लगे हाथ मौसम का हाल भी बता दीजिए." मी दोघींना खोलीबाहेर काढलं, दार लावलं, कूलर बंद केला आणि पुन्हा बटण दाबलं. घामाखेरीज काही सुटलं नाही.

अशा वेळी शेजारच्या रेहाना आपा धावून आल्या. आपा शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. पांढऱ्याशुभ्र केसांच्या, पांढऱ्याशुभ्र कुर्त्यातल्या, आणि कुर्त्यावर कुठे ना कुठे रंगाचा एक डाग हटकून असलेल्या. दर उन्हाळ्यात चित्रकार-लेखकांच्या एका शिबिराला त्या कुमाऊंच्या डोंगरात जात. "भाई साहब, आप भी चलिए," त्या म्हणाल्या. "पहाड़ पर बात ख़ुद चलकर आती है." अहाहा! मला तर त्या वाक्यातच देवदारांचा वारा लागला. शस्त्रक्रियेला अजून दोन आठवडे होते, शिबिर आठ दिवसांचं. मी रजेचा अर्ज टाकला आणि तयारीला लागलो. तीन पेनं, दोन वह्या, डझनभर कोऱ्या कॅसेटी, सेलचा गठ्ठा, छावणीतल्या एका मराठी मेजरसाहेबांची मागून आणलेली दुर्बीण आणि माकडटोपी! एखाद्याला वाटावं, हा गोष्टी शोधायला नव्हे, पकडून आणायला निघाला आहे. सुनीतानं डबाभर चिवडा देत एवढंच विचारलं, "दामूकाका तिकडे राहतात का हो हल्ली?"

काठगोदामहून बस वर चढू लागली, तशी लू मागे राहिली आणि चीडवृक्षांचा राळेसारखा उग्र, गोड गंध आत येऊ लागला. प्रत्येक वळणाला दरी एक नवी हिरवी घडी उलगडायची आणि प्रत्येक वळणाला माझ्या छातीत काहीतरी टुणकन उडायचं. प्रवासात माणूस स्वतःला किती होतकरू वाटतो, नाही? घरी जो दूधवाल्याशी हुज्जत घालतो, तोच खिडकीजवळची जागा मिळाली की प्रतिभावंत होतो! मी तर बसमध्येच वही उघडून वर ठळक अक्षरांत लिहिलं, "आईसाठी". खाली काय लिहायचं ते डोंगर सांगणार होता.

शिबिराचा एक नियम होता: दुपारच्या जेवणापर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. सगळे आपापल्या दगडावर, आपापल्या झाडाखाली. पलीकडे एक चित्रकार सकाळपासून एकाच खडकाकडे बघत बसे. मीही एक खडक निवडला, समोर हिमशिखरं मांडली आणि बटण दाबून बोलू लागलो: "आई, समोर नगाधिराज आपल्या धवल वैभवानिशी ध्यानस्थ उभा आहे..." संध्याकाळी ऐकलं. सर्दी झालेला एखादा गाइड पर्यटकांना आटपा आटपा म्हणत हिमालय दाखवतो आहे, असा तो आवाज! दुसऱ्या दिवशी खडक बदलला. तिसऱ्या दिवशी माकडटोपी काढली. चौथ्या दिवशी दामूकाकांना धरून आणलं, पण ते धवल वैभवानिशी पोहे खाऊ लागले.

पाचव्या दिवशी बाजारातून सांगलीला फोन लावला. विजू म्हणाली, "दादा, दवाखान्यात तारीख पक्की झाली. आई तुझ्या कॅसेटींची वाट बघतेय. परवा नर्सला सांगत होती, माझा मुलगा गोष्टी पाठवणार आहे, तोवर मला हात लावू नका. निघाल्या ना?" "निघाल्यातच," मी म्हणालो. फोन ठेवला आणि उतारावरून परतताना पहिल्यांदाच भीती वाटली. पट्टी बांधून पडलेली आई, तिच्या उशाशी रिकामी कॅसेट, आणि तिची न राहवून हललेली मान... हिमालय एवढा मोठा. पण आईला रिझवण्यासाठी त्यातलं मूठभर काहीही माझ्या हाती लागत नव्हतं.

आपांनी माझा चेहरा पाहिला. स्केचबुक मिटून त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "किसको सुना रहे हैं आप, भाई साहब?" "माँ को." "माँ को?" त्या टेपरेकॉर्डरकडे बघत म्हणाल्या, "हम तो समझे थे, पहाड़ को सुना रहे हैं." मग ओढणी सारखी करून त्या नीट मांडी घालून बसल्या. "चलिए, हमें सुनाइए. अपनी ज़बान में ही." "आपको समझ में कहाँ आएगी, आपा?" "न आए. हम हुँकारी भरते रहेंगे."

हुंकारी! गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, हे मी लहानपणापासून जाणत होतो, आईच तर म्हणायची, "हूं म्हण, नाही तर मी थांबले." हुंकार थांबला की मूल झोपलं असं समजून गोष्टही थांबायची. पंचवीस वर्षं मी भरल्या पंगतीत बोललो होतो, कुणाचं हूं, कुणाचं "मग?", कुणाचं खोटं "अय्या!", मुक्ताचं ओठांतल्या ओठांत पुटपुटणं, या सगळ्यांवर पाय ठेवत ठेवत माझी गोष्ट पलीकडे जात होती. आणि मी शहाणा, बायकोमुलीला खोलीबाहेर काढून, दार लावून, मग मौन पाळणाऱ्या माणसांत येऊन, दगडावर बसून गोष्ट शोधत होतो! प्रतिभा एकांतात फुलते म्हणतात. फुलत असेल बापडी. माझी मात्र माणसाच्या नाकातून निघणाऱ्या एका ओबडधोबड आवाजावर जगत होती.

मी बटण दाबलं. "आई, ऐक. दामूकाका मुलगी पाहायला निघाले." "हूँ," आपा म्हणाल्या. आणि काय सांगू! घोडं सुटावं तसे दामूकाका सुटले. आपांना अक्षरही कळत नव्हतं, पण हुंकार असा जीव लावून, की दामूकाका पायरीला अडखळून पडले तिथे त्या "वाह!" म्हणाल्या आणि मुलगी पसंत केली तिथे कळवळून "हाय अल्लाह!" तीन दिवसांत सहा कॅसेटी भरल्या. मौनाचा नियम आम्ही मोडला, हे मान्य. पण शेवटच्या दिवशी तो खडक बघणारा चित्रकारही येऊन बसला आणि मान डोलावू लागला.

कॅसेटी वेळेत पोचल्या. तीन आठवडे विजूचे फोन येत राहिले: आई पडून आहे, आई ऐकतेय, आई तीच कॅसेट पुन्हा लाव म्हणतेय. मग पट्टी निघाली. थोडं धूसर, पण दिसतंय, असा निरोप आला. कॅसेटवरचं माझं अक्षर तिनं पहिल्यांदा वाचलं आणि "अजून गचाळच काढतो" म्हणाली. त्यानंतर आठवड्यानं एक पाकीट आलं. आत माझीच एक कॅसेट, मी कोरी ठेवलेली दुसरी बाजू भरलेली. पट्टी असतानाच विजूकडून भरून घेतली होती म्हणे.

आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. आईचा आवाज आला. "सगळं चुकीचं सांगितलंस. पोहे नव्हते, शिरा होता. आणि त्या सुनेनं दामूभावजींना मुद्दामच बसवून घेतलं होतं, सासूची फजिती करायला. मला तिनंच सांगितलं. त्या तुझ्या बाईंना मराठी येत नाही, कळलं मला. पण हुंकार देतात छान, सांग त्यांना. आता खरी गोष्ट ऐक. दामूभावजी घरातून निघाले." आणि आवाज थांबला.

फीत नुसती सरसरत राहिली. मला वाटलं, संपलं. हात बटणाकडे गेला. तेवढ्यात आई पुन्हा बोलली, "त्यांची टोपी होती उलटी." पुन्हा थांबली. सुनीता माझ्याकडे पाहू लागली. पुढचं वाक्य, पुन्हा तेवढीच शांतता. डोळ्यांना पट्टी बांधून, मान न हलवता पडलेली ती बाई, बाराशे-तेराशे किलोमीटर दूर, प्रत्येक वाक्यानंतर कुणासाठी थांबत होती?

"बाबा," मुक्ता हळूच म्हणाली, "आजी रुकी है. बोलिए ना."

पण मी अजून बटणावरचा हात मागे घेत होतो. शांतता संपत आली होती. तेव्हा मुक्तानंच हनुवटी टेबलावर टेकवली, त्या इवल्याशा जाळीच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "हूं."

आणि आई पुढे सांगू लागली.