बोरगावकरांचे अठरा

शिरीष बोरगावकरांना मी प्रथम पाहिलं ते सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये, आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत उकिडवे बसलेले. गळ्यात टाय, पाठीला लॅपटॉपची बॅग, दोन्ही हात लादीला टेकलेले. या गृहस्थांचं काहीतरी हरवलंय असं वाटून मी इंग्रजीत चौकशी केली. माझ्या इंग्रजीवरून त्यांनी मला बरोबर ओळखलं.

"बसा," ते मराठीत म्हणाले. मी बसलो आणि शोधू लागलो. "तसं न्हवं. शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसायचं. शाळेत खो-खो खेळला न्हाईत काय?"

मी शाळेत खो-खोच्या तासाला पोट दुखवून घेत असे, हे त्यांना सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी एकमेकांकडे पाठ करून आमची जी ओळख झाली ती कायमची.

बोरगावकर मूळचे इचलकरंजीचे. रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. बँकेत शुद्ध इंग्रजी, आमच्यात गावाकडची बोली आणि डोक्यात अखंड खो-खो. त्यांची इच्छा एकच होती. सिंगापूरमध्ये पुरा खो-खो खेळायचा, नवाला नऊ, अठरा माणसांचा. "पाच-पाच जणांत खेळला तर तो खो-खो न्हवं मर्दा, ती मीटिंग."

ब्लॉकखाली चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटी होती. "आपल्या खेळात चेंडूच न्हाई," ते खुशीत म्हणाले. "ही पाटी आपल्यासाठीच लावलीया."

क्लब काढायचं ठरलं आणि पहिली सभा माझ्या फ्लॅटवर भरली. मराठी माणसांनी क्लब काढायचा म्हणजे आधी घटना हवी, मग नाव हवं, मग बोधचिन्ह. नावावरून पुणेकर आणि मुंबईकर असे दोन तट पडले. बोधचिन्हात मावळा असावा की सिंह, यावर कित्येक आठवडे गेले. शेवटी अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि एक मार्गदर्शक अशी भक्कम कार्यकारिणी तयार झाली. खेळाडू तेवढा कुणी नव्हता. बोरगावकर हात जोडून म्हणाले, "पदं समदी तुम्ही घ्या. मला फक्त बसायला आठ माणसं द्या."

शनिवारी सकाळी ब्लॉकशेजारच्या बास्केटबॉल कोर्टावर खेळ सुरू झाला. एका टोकाला बास्केटबॉलचा खांब आयता होता. दुसऱ्या टोकाला कोर्ट खणू देणार कोण? म्हणून तिथे मी उभा राहायचो. माझे गुडघे आणि वजन पाहून बोरगावकरांनीच ती नेमणूक केली होती. संस्थेचे आधारस्तंभ पुष्कळ असतात, पण प्रत्यक्ष खांब म्हणून काम केलेला मी एकटाच असेन.

बाकीच्यांचे हाल माझ्याहून वाईट होते. खुर्चीत बसून बसून आमची मंडळी जमिनीवर बसणं विसरली होती. पाठीवर खो मिळाला की उठायचं सोडून आडवीच व्हायची. "गुडघे भाड्यानं आणलेत काय रं?" बोरगावकर ओरडत. "खो-खोत नवातली आठ माणसं बसलेली असत्यात. ज्याला बसता येत न्हाई, तो पळणार काय, कप्पाळ!" माझी मुलगी एकदाच बघायला आली आणि अस्सल सिंगापुरी थाटात म्हणाली, "बाबा, यू ऑल लुक लाइक फ्रॉग्ज, लाह." कोर्टाशेजारच्या बाकावर कॉफी घेऊन बसणारे एक चिनी आजोबा होते. त्यांना सगळे अंकल म्हणत. ते मला दर वेळी सहानुभूतीने विचारत, "टुडे ऑल्सो पनिशमेंट, आ?"

दोन वर्षं गेली, पण अठराचा आकडा काही जमेना. कुणाला ऑफिसचा कॉल, कुणाच्या मुलाची ट्यूशन, कुणाची कंबर. दहाबारांवर गाडी अडायची. बोरगावकर रागवायचे नाहीत. माणसं मोजायचे आणि "पुढच्या शनिवारी" म्हणायचे. मग बँकेने त्यांचा विभागच दुसऱ्या देशात हलवला. नोकरी गेली तसा इथे राहायचा पासही गेला. "आता पुण्याला लेकीकडं," एवढंच ते म्हणाले. कोर्टाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही, आणि ते मला फार लागलं.

मी निरोपसमारंभ ठरवला. संदेश पाठवला: शनिवारी संध्याकाळी, ब्लॉकखाली, शाल-श्रीफळ आणि नंतर पुरणपोळी. एरवी गुडघे, कॉल आणि ट्यूशन असलेली सगळी मंडळी बायकांसह वेळेआधी हजर झाली. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला. बोरगावकर भाषणाला उभे राहिले, समोर पाहिलं आणि त्यांचे ओठ हलू लागले. आम्हाला वाटलं, गहिवरले. ते मोजत होते.

"भाषण ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "चपला काढा."

"अहो, पण जेवण?" मार्गदर्शकांनी विचारलं.

"जेवल्यावर तुम्ही उठणार हाय काय? आधी खेळ."

शेजारच्या कोर्टावर जाऊन मोजलं तर गुडघे धड असलेले, बायकामाणसं आणि बोरगावकर धरून, सतरा निघाले. बोरगावकर माझ्याकडे वळले. "तू बस."

"मग खांब?"

त्यांनी बाकाकडे पाहिलं. अंकलनी कॉफी खाली ठेवली. "स्टँड ओन्ली? कॅन, लाह," म्हणाले आणि माझ्या जागी ताठ उभे राहिले.

पदर खोचून, झब्बे वर करून पुरे अठरा जण खेळले. मी आयुष्यात पहिल्यांदा रांगेत बसलो. पाठीवर थाप पडली, बोरगावकर कानाशी ओरडले, "खो!" कसा कोण जाणे, मी उठलो. पळता पळता मागे पाहिलं तर माझ्या जागेवर ते बसले होते, खांद्यावर शाल, दोन्ही हात जमिनीला, तोंड शेजाऱ्याच्या उलट. इतका सुखी माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही. मला कुणी सापडलं नाही, ते सोडा.

आता दर शनिवारी त्यांचा पुण्याहून एका शब्दाचा संदेश येतो: "किती?" पहिल्या शनिवारी आम्ही सात होतो. मला ते लिहवेना. तेव्हापासून क्लब दर शनिवारी कुणाचा तरी सत्कार करतो, आधी खेळ आणि मग जेवण. सत्कारमूर्ती एकेक करून संपत आल्या, म्हणून परवा आम्ही अंकलचाच केला. शाल पांघरून ते थेट खांबाच्या जागी गेले.

मी अभिमानाने लिहिलं, "अठरा."

लगेच उत्तर आलं: "नीट बसत्यात काय?"