एकमेव वास्तू

आमच्या कारखान्याच्या टाउनशिपच्या टोकाला, अवधपुरी वस्तीच्या बाजूला, एका जहागीरदाराची कोठी आहे. दोन मजले, अकरा खोल्या, पुढे सात कमानी. माझ्या लहानपणी तिथे सिमेंटच्या गोण्या ठेवत. पुढे कारखान्याने ती दुरुस्त करून पाहुण्यांसाठी विश्रामगृह करायचं ठरवलं, आणि दारापाशी लावायच्या फलकाचा मजकूर माझ्याकडे आला. मी टाउनशिपच्या कार्यालयात नकाशे सांभाळत असे. मी लिहिलेलं तपासावं लागत नाही, असा माझा लौकिक होता.

कोठीला चुन्याचा गिलावा हवा होता. तो जाणणारा एकच माणूस सापडला, सत्तरीला टेकलेला मिस्त्री. त्याचा जन्म कोठीमागच्या गावातला. टाउनशिप आली तेव्हा ते गाव उठवलं होतं.

"बाबूजी, कोठी का सब लिखोगे, तो गाँव का नाम भी डाल देना," तो म्हणाला. "दीवारें हमारे बाप-दादा ने उठाईं. जागीरदार ने तो बस हुक्का पिया."

मी हसून हो म्हणालो. दुसरं काही त्याने कधी मागितलं नाही.

एका रविवारी त्याला बरोबर घेऊन मी पावलांनी गाव मोजलं. तो जागा दाखवायचा, मी चौकटीच्या कागदावर खूण करायचो. त्रेसष्ट घरं भरली. एकोणिसावं आमच्याच क्वार्टरच्या न्हाणीघराखाली निघालं.

"लो, आप तो पड़ोसी निकले!" तो म्हणाला.

मग मी कार्यालयातला मूळ नकाशा काढला. त्यात कोठी होती, विहीर होती, आणि सभोवार एकच शब्द: पडीक. खाली सही माझ्या वडिलांची. नागपूरहून पहिल्या तुकडीत आलेले ते मोजणीदार.

घरी विचारलं तेव्हा ते मटार सोलत होते.

"मातीची घरं धरायची नाहीत, असा नियम होता."

"पण माणसं राहत होती ना, बाबा?"

"होती की. उन्हात मोजणीची साखळी ओढायचो आम्ही, पाणी तेच द्यायचे." त्यांनी एक शेंग फोडली. "पाणी कोण देतं ते नकाशात दाखवत नाहीत."

मला राग आला. तो राग मला फार दिवस परवडला नाही.

महसुली दप्तरात ती वस्ती शेजारच्या मोठ्या गावातच धरलेली होती, वेगळ्या नावाने नोंद नव्हती. तीन खेपा घातल्या. हाती होता तो माझा चौकटीचा कागद आणि एका म्हाताऱ्याची आठवण. कार्यालयातल्या साहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले, "अहो, तुम्ही लिहाल ते खरं. आणा, सही करतो." नाव घातलं असतं तरी त्यांनी सही केली असती. मीच घातलं नाही. जे कागदाने सिद्ध होत नाही ते मी आयुष्यात लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं: 'पडीक माळावरील एकमेव वास्तू.' ते नाव आज इथे लिहून मन हलकं करून घेण्याचा मला हक्क नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मिस्त्री धुतलेला कुर्ता घालून फलकापाशी उभा होता. त्याला अक्षरओळख नव्हती.

"पढ़ के सुनाइए, बाबूजी."

मी चारही ओळी वाचल्या.

"एक बार और."

मनात आणलं असतं तर या वेळी मध्येच नाव घालून वाचता आलं असतं. मी होतं तेच वाचलं.

"नहीं है ना?"

"काग़ज़ कहीं नहीं मिला, चाचा."

"मैं तो मिला था," तो म्हणाला.

आत चहापान सुरू झालं होतं. निमंत्रितांच्या यादीत तो नव्हता. यादीही मीच केली होती. मी आत गेलो.