चुकल्यावर थांबायची जागा

त्या वर्षांत कोपरखैरण्यात वारा कुठून येतोय हे आम्ही नाकाने ओळखायचो. खाडीकडून आला तर चिखलाचा आणि मिठाचा ओलसर गंध, आणि रबाळ्याकडून फिरला की कारखान्यांचा, जिभेच्या मुळाशी कडवट चव ठेवून जाणारा. माझा नवरा सुधीर तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याच्या शर्टाला येणारा तो उग्र दर्प मला लग्नाच्या पहिल्या वर्षी चक्क आवडायचा. प्रेमात माणसाचं नाकसुद्धा कामातून जातं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर त्या कारखान्यातली यंत्रं एकेक करून गुजरातेत, वापीला हलू लागली. सुधीरला तिकडे जागा होती. मी मात्र वाशीच्या शाळेत नुकतीच कायम झाले होते. शाळा सोडून मी त्याच्याबरोबर जायचं की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता, पण तो कुणीच उच्चारत नव्हतं. तो "चल" म्हणेल याची मी वाट पाहत होते, आणि मी न बोलावता निघेन याची तो. दूध, लाइट आणि भाजी यांविषयी आम्ही त्या दिवसांत फार सौजन्याने बोलत असू. अशाच एका संध्याकाळी तो म्हणाला, "बँकॉकला जाऊ या. टूरबिर नको, सॅक पाठीवर टाकून, ट्रेकसारखं. तिकडे निवांत बोलू."

सह्याद्रीतल्या भटकंतीतच आमची ओळख झाली होती, त्यामुळे त्याच्या त्या शब्दात मला जुनं आमंत्रण ऐकू आलं. सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांना मात्र हा सगळा प्रकार पोरकट वाटला. एकसारख्या दोन निळ्या सॅक पलंगावर भरून ठेवलेल्या पाहून त्या म्हणाल्या, "ह्याच्या बापानं जल्मभर मार्केटात पाठीवर गोणी वाह्यली. आन् तुमी दोघं इमानाचं तिकीट काढून वझं वाहायला चाललाय." सासरे मशीद बंदरापासून वाशीच्या एपीएमसीपर्यंत माथाडी होते. सुधीर हसला, मीही हसले. पुष्कळ दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीला हसत होतो.

बँकॉक हे शहर नव्हे, एक अखंड उकळी होती. लिंबासारख्या वासाचं गवत, जळता धूप, तळलेले मासे आणि तिन्हीसांजेला कालव्याच्या हिरव्यागार पाण्यावरून उठणारी दमट वाफ, हे सारं एकाच श्वासात आत येई आणि बाहेर जायला तयार नसे. सोनेरी देवळांच्या पायऱ्यांवर बसून, शहाळी पीत, आम्ही पुष्कळ बोललो. वापी सोडून सगळ्यावर बोललो. निवांतपणा मिळाला की माणसं खरं बोलतात, हा एक भाबडा समज आहे.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही तिथल्या आठवड्याच्या प्रचंड बाजारात शिरलो. पत्र्याखाली शेकडो गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीला पाच पावलांवर नवी फूट. सुधीर पुढे, मी मागे, डोंगरातल्यासारखेच. डोंगरातला नियम आमच्या अंगात मुरलेला होता: वाट फुटते तिथे पुढच्याने थांबायचं आणि मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही, मागचा चुकला तर त्याने जिथे पुढच्याला शेवटचं पाहिलं तिथेच उभं राहायचं, धावाधाव करायची नाही. रानात हा नियम जीव वाचवतो. तिथे दोन फाट्यांच्या मधे एकच पायवाट असते आणि हाक मारली तर ऐकू जाते.

मातीच्या कुंड्या विकणाऱ्या एका बाईच्या दुकानापाशी त्याची निळी सॅक गर्दीत दिसेनाशी झाली. मी नियमाप्रमाणे थांबले. आधी भीती वाटली, मग संताप आला. येईल की मागे, त्यालाच यायला हवं, असं मनाशी म्हणत मी जागची हलले नाही. त्या बाईने न विचारता स्टूल पुढे केलं, पेरूच्या फोडी तिखटमीठ लावून हातात ठेवल्या. पत्र्याच्या भोकांतून उतरलेले उन्हाचे कवडसे हळूहळू कुंड्यांवरून सरकत राहिले. आणि मग, कधी ते सांगता येणार नाही, संताप विझला. मला काही नकोसं झालं नाही, कुणी हवंसंही वाटेना. कुणाच्या बोलावण्याची वाट न पाहता मी त्या स्टुलावर बसले होते, आणि खरं सांगायचं तर सुखात होते.

बाजार आवरायला लागला तेव्हा ती बाई कुठूनशी लगबगीने परतली, माझ्या सॅककडे बोट दाखवून हसली आणि माझं मनगट धरून मला चालवू लागली. कुंड्यांची रांग संपली, एक वळण आलं, आणि तिथे सुधीर होता. दुपारभर तो इतका जवळ होता. वाट फुटते तिथे, नियमाप्रमाणे, सॅकवर बसलेला. समोर प्लास्टिकच्या पिशव्यांत रंगीत मासे टांगले होते आणि तो ते बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर एक स्वस्थपणा होता. गडमाथ्यावर पोचल्यावर यायचा तसा. घरात तो चेहरा मी कित्येक महिने पाहिला नव्हता. मग त्याने मान वळवली, मी दिसले, आणि तो चेहरा गेला.

"पुढे यायचं ना," तो म्हणाला. "मी फाट्यावरच होतो."

"तू मागे यायचं. मी चुकलेली होते."

जेवण होईपर्यंत आम्ही नियमावर भांडलो. दोघंही बरोबर होतो, म्हणून भांडण लांबलं. वापीचं नाव त्यातही निघालं नाही. महिन्याभरात तो एकटा गेला. मी शाळेत राहिले. सुरुवातीला शनिवारी यायचा, मग सणाला, मग सासूबाईंनाच तिकडे घेऊन गेला. जाताना त्या दारात थांबून मला म्हणाल्या, "तू म्हनली असतीस तर ऱ्हायला असता गं तो." तो म्हणाला असता तर मीही गेले असते, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण आता ते खरं होतं की नाही याची माझी मलाच खात्री उरली नव्हती.

लोक विचारतात तेव्हा मी बदलीचं कारण सांगते आणि ते पटतंही. रबाळ्याकडचा वारा आता तसा कडू येत नाही. सुधीरविषयी माझ्या मनात राग नाही असं म्हणणं खोटं होईल. आहे, आणि तो त्या दुपारच्या त्याच्या सुखी चेहऱ्याचा आहे. मला विसरून कुणी इतकं शांत दिसावं, याबद्दल मी त्याला क्षमा करू शकले नाही. पण त्या स्टुलावरून उठून, मनगट धरून नेलेली मी जेव्हा वळणावर आले, तेव्हा माझा चेहरा कसा दिसत होता, हे जगात फक्त त्यालाच माहीत आहे.