मेलच्या तळाशी 'येतो'

छोट्या दुकानदारांच्या जाहिरातींचे ईमेल पाठवणं हे माझं काम. प्रत्येक मेलच्या तळाशी 'मेल बंद करा' असं बटण असतं. मसाले विकणाऱ्या सुमनताईंना ते खटकलं.

"बंद काय? आपण दुकानसुद्धा बंद करत नाही, वाढवतो. तिथे 'येतो' लिही."

मी वैतागले. शेवटी 'मेल नकोत? येतो म्हणा' असं लिहिलं. मग वाटलं, निघणाऱ्याच्या तोंडी 'जातो' येऊ न देणारी आपली भाषा. दार लावतानाही ती जरा फट ठेवतेच.

आज ताई शेजारी बसलेल्या असतानाच एका जुन्या गिऱ्हाइकानं ते बटण दाबलं. यादीतलं नाव गेलं. ताई उंबऱ्यात उभ्या असल्यासारख्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "या हं."