दाजी बहारीनला होते तेव्हा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जिथे असत तिथे कधीच नसत. सत्तर सालानंतर कुपवाडच्या कारखान्यातली लेथ सोडून ते बहारीनला गेले आणि वर्षभरात मलाही तिकडे ओढून घेतलं. पण दाजींचं शरीर तेवढं बहारीनच्या वर्कशॉपात असे. बाकीचे दाजी सगळे आपल्या गावी, उंब्रजला. त्यांचं मनगटी घड्याळ कायम भारताच्या वेळेवर चाले. भर दुपारी काम थांबवून ते म्हणत, "अक्का तुझी आता धार काढाय बसली असंल." मग म्हैस बिथरेल की काय अशा बेताने आम्ही दोघंही थोडा वेळ हळू बोलायचो. एकदा वाळूचं वादळ सुटलं. सगळे दारं लावायला धावले, आणि दाजी अंगणात उभे राहून म्हणाले, "उसाचं पाचट जाळल्यावर आपल्याकडं असंच आभाळ हुतं." खोकून बेजार झाले होते, पण चेहरा असा की कुणी गावाकडची खुशाली आणलीय.

तिथे कुणाच्याने दुरुस्त न झालेलं एक यंत्र दाजींनी चालू केलं, तेव्हा खूश होऊन आमचा गोरा साहेब आम्हाला मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये घेऊन गेला. दुभाष्या म्हणून मी. पाऊल रुतेल असा गालिचा, कोपऱ्यात पियानो, समोर भिंतभर काच, आणि माणसं इतकी हळू बोलत होती की कुणी आजारी निजलंय असं वाटावं. दाजींनी दारापासून टेबलापर्यंत प्रत्येकाला रामराम घातला. एका धिप्पाड अरबाने छातीवर हात ठेवून तो आदबीने परतही केला.

साहेबाने स्वतःसाठी रमचं काहीतरी रंगीत पेय मागवलं, दाजींनी लिंबू सरबत. मग साहेब म्हणाला, "आणखी तीन वर्षं थांब, तुला फोरमन करतो." मी ते मराठीत सांगत होतो, पण दाजींचं नाक साहेबाच्या ग्लासाकडे वळलं होतं. त्यांनी तो सरळ उचलला, हुंगला आणि डोळे मिटले. साहेब बघतच राहिला.

"ही उसाची हाय गड्या," दाजी म्हणाले. "मळीचा वास येतोय. गुऱ्हाळ लागलं असंल आपलं. साहेबास्नी सांग, आमी जातो."

मी सांगितलं. साहेबाने काळजीने विचारलं, "गुऱ्हाळ कोण? आई का? फार आजारी आहे?"

मी ते मराठीत सांगितलं. दाजींनी ग्लास साहेबापुढे परत ठेवला आणि म्हणाले, "व्हय म्हण."

महिन्याभरात ते उंब्रजला परतले. तान्ही असताना मागे ठेवलेली त्यांची मुलगी आईच्या पदराआड लपून "हे पावणं कवा जाणार?" असं विचारत होती. दाजी ते सगळ्यांना हसून सांगत, पण तिने बाप म्हणून हाक मारेपर्यंत त्यांनी दुसऱ्या गावी मुक्काम केला नाही.

दोन वर्षांनी मी रजेवर मिरजेला घरी आलो, तेव्हा परत निघताना दाजी उंब्रजहून मला स्टेशनवर सोडायला आले. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं. गाडीला झेंडी दाखवली तशी त्यांनी खिडकीचा गज धरला.

"त्या हाटेलात गेलास कवा, तर समोरच्या काचंपाशी बस," ते म्हणाले. "तिथनं समुद्र दिसतो म्हणत्यात. लय झ्याक दिसतो म्हणं. म्या तवा बघितलाच न्हाई."

गाडी हलली तरी ते गज धरून चार पावलं चालले.