औषध नाही, टॉनिक आहे!

आमच्या पांढुर्ण्याच्या घरात किस्से घडवायला फार सामान लागत नाही. आई, बाबा, आत्या आणि मधे सापडलेला माझा दोन वर्षांचा भाचा गोलू, एवढं पुरतं! ताई सौसरच्या शाळेत शिकवते, म्हणून दिवसभर गोलू आमच्याकडे.

आमच्याकडे बाळाला भेटायला येणारा पूर्वी बिस्किटं आणायचा. आता टॉनिक! लोधीखेड्याच्या मामीनं तर बाटलीला रिबीन बांधून आणली. म्हणाली, "बिस्किटानं दात किडते बाप्पा."

*

आई सकाळी गुलाबी टॉनिक पाजायची. "तुझी आई विसरते" असं मला सांगून बाबा दुपारी गुपचूप पांढरं पाजायचे. संध्याकाळी आत्या पिवळं.

मी लेबलं वाचली आणि ओरडले, "अहो, तिन्हींत कॅल्शियमच आहे!"

आत्या शांतपणे म्हणाली, "रंग वेगळा हाये नं!"

*

गोलूचं जेवण सुटलं. पोट साफ होईना, दिवसभर नुसतं पाणी मागायचा, उलट्याही सुरू झाल्या. आई म्हणाली, "ताकदच नाई राह्यली पोट्ट्यात," आणि एक चमचा वाढवला.

"बंद करा ते!" मी म्हटलं.

बाबा चिडले. "तू काय डॉक्टर हायेस? नुसती बीएस्सी तं झाली!"

"मग तुम्ही कोण?"

"मी त्याचा आजोबा!"



*

शेवटी सगळे गोलूला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "याला काय काय देता?"

तिघं एका सुरात म्हणाले, "काहीच नाई."

मी पिशवीतल्या बाटल्या टेबलावर मांडल्या. डॉक्टर एकेक लेबल वाचू लागले.

आत्या म्हणाली, "ते औषध नाई नं साहेब, टॉनिक हाये!"

*

रिपोर्ट आला. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं असतं तर किडन्यांवर बेतलं असतं. आत्ताच भरती करा."

ताईला रडू आवरेना. आई मात्र गोंधळून माझ्या कानाशी आली. "वाढलं म्हणते, मंग रडून काहून राहिली? हिमोग्लोबिन वाढलं तं आपण पेढे वाटले होते!"

*

टॉनिकं बंद झाली, गोलूला सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडून पोळी मागितली. अख्खी संपवली! ताई पहिल्यांदा हसली.

आत्यानं स्टँडला टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळली.

"आता बोल पोरी. शेवटी डॉक्टरनं बी बाटलीच लावली नं?"