मेंढरं वहिनींच्या वावरात का बसली नाहीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. आत्ता मुलाच्या प्रताप नगरातल्या फ्लॅटमध्ये बसून लिहितो आहे, कारण गावच्या घरी खिडकी उघडली की समोर वहिनींचं अंगण दिसतं. तिथे हे लिहिणं मला जमलं नसतं.

आमचं गाव कळमेश्वरच्या पुढे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि मी, आमची वावरं शेजारीशेजारी. मध्ये एक धुरा, म्हणजे बांध, बस. माझ्या मातीचं हल्ली फार कौतुक होतं. काळी, भुसभुशीत, पावसाने पंधरा दिवस दडी मारली तरी आत ओल धरून ठेवणारी. बाहेरगावचे शेतकरी येतात, मूठभर माती उचलून वास घेतात, आणि मी — हो, मीच — त्यांना माती जिवंत कशी ठेवावी यावर भाषण देतो. शेणखत, पालापाचोळा, आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात वावरात मेंढरं बसवणं. त्यांच्या लेंड्या आणि मूत मातीत गेलं, खुरांनी ते तुडवलं गेलं, की तीन वर्षं जमीन बोलते. असं मी सांगतो. लोक माना डोलावतात.

धुऱ्यापलीकडे वहिनींची जमीन आहे. नांगरली की ढेकळं निघतात, फोडता फुटत नाहीत. तिकडे पाहून एखादा पाहुणा विचारतो, यांनी काळजी घेतली नाही वाटतं? मी काय म्हणत असेन? दुसऱ्या विषयावर जातो.

मेंढरांचा कळप आणायची पद्धत दादाची. भिवाजी मेंढपाळ दर उन्हाळ्यात आमच्या शिवारातून जायचा. आधी दादाच्या वावरात मुक्काम, मग माझ्या. हा क्रम कधी कुणी ठरवला नव्हता, पण मोडलाही नव्हता. आणि खरं सांगू? मला तो खुपायचा. दादाचा कापूस नेहमी माझ्यापेक्षा सरस. मी पोत्यामागून पोती रासायनिक खत टाकायचो, तरी सरस त्याचाच. दादा गेला त्या वर्षीही लोक म्हणाले, माणूस गेला पण माती कशी ठेवून गेला. भावाच्या मरणाच्या वर्षी मला त्याच्या मातीचा हेवा वाटत होता. असा मी.

त्या उन्हाळ्यात भिवाजी घाईत होता. तीनच मुक्काम करून पुढे रामटेककडे जाणार, असा निरोप आला. तीन रात्रींत एकच वावर होतं. म्हणजे वहिनींचं.

मी सकाळीच तलावाच्या पाळीवर जाऊन त्याला गाठलं. आदल्या वर्षी कुठल्याशा गावात फवारलेलं गवत खाऊन त्याच्या दोन मेंढ्या मेल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच —

"भिवाजी, दादाच्या वावरात नको उतरू गा यंदा. वहिनीनं तणाचं औषध मारलं हाय. मेंढरं मरतीन."

त्याचा चेहरा उतरला. मी वर आणखी म्हणालो, "तिच्यापाशी विषय काढू नको. आधीच दुःखात हाय बिचारी."

बघा, किती जपत होतो मी वहिनींना!

वहिनींनी औषधाचा थेंबही मारलेला नव्हता. उलट धुऱ्यावरचं गवत मेंढरांसाठी राखून ठेवलं होतं, स्वतःच्या गाईलाही तिकडे सोडलं नव्हतं. कळप माझ्या वावरात शिरला तेव्हा त्या झुणका-भाकर आणि त्यांच्या विहिरीच्या पाण्याची घागर घेऊन आल्या. दरवर्षी आणायच्या तशाच. भिवाजी पाण्याकडे पाहत राहिला. विषाच्या वावरातलं पाणी, कोण पिणार? "नको बाई, आमच्यापाशी हाय," म्हणाला आणि पाठ फिरवली. त्याच्या बायकोनेही भाकरीला हात लावला नाही. मी दहा पावलांवर उभा होतो. वहिनी भरलेली घागर तशीच घेऊन परत गेल्या.

इथवरचं मी कदाचित कधी तरी सांगून टाकलं असतं. वावरासाठी भाऊबंदांत याहून वाईट गोष्टी होतात, अशी मनाची समजूतही घातली असती. पण संध्याकाळी वहिनी आमच्या अंगणात आल्या. पदर तोंडाशी धरलेला.

"भाऊजी, मायं कपाळ पांढरं झालं म्हून नाई घेतलं काय जी त्यायनं पाणी? म्हून वावरातबी नाई उतरले?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. खोटं तसंच ठेवूनही 'नाही' म्हणता आलं असतं. म्हणालो काय?

"लोकायचं काय घेऊन बसता वहिनी. जाऊ द्या."

त्यांनी मान हलवली. त्यांना उत्तर मिळालं होतं.

पुढच्या वर्षी मला खोटं बोलावंही लागलं नाही. भिवाजीने ते वावर सोडलं ते सोडलंच, त्याचं पाहून बाकीच्या मेंढपाळांनीही. वहिनींनी धुऱ्यावर येणं बंद केलं. मग हळदीकुंकवाला येणं, मग माझ्या पोरीच्या लग्नात पुढे उभं राहणं. बारा वर्षं झाली. जमीन दगड झाली त्याचं मला वाईट वाटतं, पण ती मेहनतीने पुन्हा सुधारेल. वहिनींचं काय करू?

पेरणीच्या दिवशी पहिली मूठ घरच्या बाईने टाकायची, अशी आमच्याकडे रीत आहे. त्या उन्हाळ्यानंतर वहिनींनी स्वतःच्या वावरात मूठ टाकलेली नाही. माझ्या बायकोला बोलावतात. या वर्षी बायको इथे, मुलाकडे होती. वहिनी बियाण्याची टोपली घेऊन माझ्यापाशी आल्या.

"भाऊजी, तुमीच टाका. माया हाताचं काई खरं नाई. तुमचा हात चांगला हाय, तुमची माती पाहा ना कशी हाय."

टोपली माझ्या हातात देऊन त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या, त्यांची सावलीही वावरात पडणार नाही इतक्या लांब. मी मूठ भरली आणि त्यांच्या वावरात टाकली. तेव्हाही बोललो नाही.